रबरी बोटीवरचे काळे डाग: कुठपर्यंत घासायचं आणि कुठे थांबायचं

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुमचं गाव कृष्णेच्या काठावर, २०१९ च्या महापुरानंतर मंडळाने वर्गणी काढून हवेची बोट घेतली, राखाडी रंगाची, मागे इंजिन लावायची फळी असलेली. मागच्या पावसाळ्यानंतर ती ताडपत्रीत गुंडाळून समाजमंदिराच्या खोलीत ठेवली आणि आता उघडली तर ट्यूबवर आणि पोटाला काळे ठिपके, कुबट वास. निरमाने घासलं, लिंबू चोळलं, कुणीतरी पेट्रोलचा बोळा फिरवला, डाग फिके झाले पण जात नाहीत. आता ब्लीच मारू का, आणि अशी बोट पुरात वापरायला चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

यातला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा खूप मोठा आहे, पण लोक उत्तर देतात पहिल्याचं. मी कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगच्या बोटी सांभाळतो, धुणं, सीम म्हणजे जोड बसवणं, पॅच मारणं हेच रोजचं काम. ऋषिकेशला ऐन पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं, आमच्याकडे भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर नदी चालते त्यामुळे पावसातही बोटी पाण्यातच असतात, आणि कोकणातल्या त्या दमट हवेत बुरशी काय काय करते ते सतत बघायला मिळतं. तर सगळं सांगतो, जरा लांब होईल, पण तुमची बोट माणसं काढायला घेतलेली आहे म्हणून घाईत दोन ओळी लिहून मोकळं व्हावंसं वाटत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बुरशी वेगळी आणि बुरशीचा डाग वेगळा. बुरशी जिवंत असते, ती बोटीच्या वर बसते, तिला खायला गाळ, घाम, हाताचं तेल, सनस्क्रीन, इंजिनचं ऑइल असलं काहीही चालतं आणि वर ओल मिळाली की झालं. ही साबणाने आणि थोड्या औषधाने निघते, म्हणजे निघतेच. पण ती बसलेली असताना तिचा रंग खालच्या मटेरिअलमध्ये उतरतो. बहुतेक अशा बोटी ज्या प्लास्टिकच्या असतात ते पीव्हीसी मुळात कडक असतं, ते बोटीसारखं मऊ व्हावं म्हणून कारखान्यात त्यात तेलकट द्रव्य मिसळतात, प्लास्टिसायझर म्हणतात त्याला. बुरशीचा रंग त्या तेलकट थरात विरघळून आत जाऊन बसतो आणि काही बुरशी तर ते प्लास्टिसायझरच खातात. आता हा आत गेलेला रंग वरून घासून कसा निघणार? वरचा थर खरवडला तरच निघेल आणि तो थर म्हणजेच तुमची बोट. म्हणून आपलं काम एवढंच की जिवंत बुरशी पूर्ण मारायची, वरचा डाग जितका सुखाने निघेल तितका काढायचा, आणि जो आत गेलाय त्याला हात लावायचा नाही.

आता तो डाग बुरशीचाच आहे का हे बघा. कान साफ करायची कापसाची काडी घ्या, घरातल्या ब्लीचचा एक थेंब तिच्यावर घ्या आणि पोटाच्या बाजूला, जोडापासून लांब असलेल्या एका ठिपक्यावर ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर बुरशी. तसाच राहिला तर तो मळ असेल, ऑइल असेल किंवा दुसरंच काहीतरी असेल. लगेच पाण्याने पुसून टाका. ही टेस्ट आहे, उपाय नाही, थेंब टाकल्यावर गेला म्हणून अख्ख्या बोटीवर ब्लीच ओतू नका, त्याबद्दल पुढे लिहितो.

दोन प्रकारचे डाग मात्र कितीही केलं तरी जात नाहीत, ते आधीच ओळखून ठेवा म्हणजे उगाच मेहनत वाया जाणार नाही. एक गुलाबी. पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी पीव्हीसीवर गुलाबी-जांभळट ढग पसरल्यासारखे दिसतात, ते सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या रंगाचे असतात आणि तो रंग थेट मटेरिअलच्या आत मुरतो, बऱ्याचदा फळीखालून किंवा चटईखालून वर येतो. दुसरे तपकिरी पट्टे, आणि हे गावाकडे हमखास बघायला मिळतात कारण बोट जमिनीला लागू नये म्हणून लोक खाली जुने टायर टाकतात. टायरच्या रबरातली रसायनं पीव्हीसीत उतरतात आणि जिथे टायर टेकला तिथे गोल तपकिरी पट्टा उमटतो. तो बुरशीचा नाहीच. तुमच्याकडे टायरवर ठेवत असाल तर आजच काढा.

पुढचं सगळं बोट कशाची आहे त्यावर अवलंबून आहे. आपण सगळे सरसकट रबरी बोट म्हणतो पण दोन मुख्य प्रकार आहेत. पीव्हीसीची बोट चकचकीत असते, आतून बाहेरून साधारण सारखी दिसते, आणि चांगल्या बोटीचे जोड गरम हवेने वितळवून बसवलेले असतात. दुसरी हायपालॉनची, ती हाताला मॅट लागते, जोड सगळे ग्लूचे, आणि व्हॉल्व्ह उघडून आत टॉर्च मारला तर आतला थर वेगळ्याच रंगाचा, काळपट दिसतो, तो निओप्रीनचा असतो. हायपालॉन हे नाव ड्युपॉन्टचं होतं, त्यांनी ते २०१० मध्ये बनवणं बंद केलं, आता दुसऱ्या कंपन्या तसंच रबर बनवतात पण बाजारात नाव तेच चालतं. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून आणि डागाच्या चिवटपणावरून तुमची पीव्हीसीच वाटते, तरी व्हॉल्व्ह उघडून एकदा खात्री करा. हायपालॉन असेल तर ब्लीचचा भाग सोडूनच द्या, बाकी सगळं तसंच.

पेट्रोलबद्दल आता लगेच सांगतो. परत लावू नका. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, रॉकेल, डिझेल, यातलं काहीही नाही. डाग फिका झाला तो यामुळे की पेट्रोलने वरचा थर सैल करून त्यातलं थोडं प्लास्टिसायझर ओढून बाहेर काढलं, त्याच्याबरोबर थोडा रंग आला. म्हणजे डाग गेला तेवढा बोटीचा मऊपणाही गेला. तिथे आता हात फिरवून बघा, आजूबाजूपेक्षा कोरडं, किंचित कडक किंवा उलट चिकट लागतंय का. जोडाच्या पट्टीवर पेट्रोल गेलं असेल तर पट्टीची कड नखाने हळूच उचलून बघा. एकदा बोळा फिरवल्याने बोट लगेच वाया गेली असं नाही, घाबरू नका, पण ती जागा लक्षात ठेवा आणि पुढे हवेची टेस्ट करताना तिथे जास्त लक्ष द्या.

आता धुणं. बोट खोलीच्या बाहेर काढा, सावलीत, जिथे पाणी वाहून जाईल अशा जागी. नाकाला मास्क, हातात रबरी ग्लोव्ह्ज, आणि दम्याचा त्रास असलेल्या पोराला या कामाला घेऊ नका. कोरडी असताना झाडू किंवा ब्रश मारायचा नाही, बुरशीचे कण उडतात आणि सगळ्यांच्या छातीत जातात शिवाय बोटीवर परत बसतात, आधी पाणी मारायचं. आणि बोट हवा भरून टणक करा मगच धुवा. ढिल्या बोटीला सुरकुत्या राहतात, ब्रश सुरकुतीच्या वरूनच फिरतो आणि आत बुरशी तशीच. प्रेशर वॉशर असेल तर लांबून गाळ धुवायला चालेल पण नोझल जवळ नेऊन जोडावर मारलं की पट्टीची कड उचलली जाते, मी असे जोड परत बसवलेत, मूळ जोडासारखे होत नाहीत.

पहिली धुलाई भांड्यांच्या लिक्विडने, कोमट पाणी आणि मऊ ब्रश. कपड्याचा मऊ ब्रश चालतो, तारेची घासणी, काथ्या, हिरवा खरखरीत स्क्रबर यातलं काही नको. ही धुलाई कंटाळवाणी आहे आणि सगळे हिलाच फाटा देतात, आणि मग वरच्या गाळावर महागाचं औषध ओततात. पुराच्या पाण्यातला गाळ बारीक असतो, तो मटेरिअलच्या बारीक रेघांत बसतो आणि बुरशी त्याच्यावरच जगते. ट्यूब आणि फ्लोअर जिथे मिळतात तिथली खाच बघा, हाताचं बोट जेमतेम आत जाईल एवढी असते, तिथे हात घाला, तुम्हाला मूठभर गाळ मिळेल. जुना टूथब्रश घेऊन ती खाच पूर्ण फिरून काढा. डी-रिंगच्या, म्हणजे दोरी अडकवायच्या कड्यांच्या मागे, बाहेरच्या रबरी पट्टीच्या खालच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या गोलाकार खड्ड्यात, मागच्या इंजिनच्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, ट्यूब जिथे चिकटवलीय तिथे. अर्धी बुरशी तुम्हाला अशा जागांमध्येच सापडेल, उघड्यावर जी दिसते ती नुसती तिथून पसरलेली असते.

ते झालं की व्हिनेगर. किराणा दुकानात मिळतं ते साधं पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी, जुने सुती कापड त्यात भिजवून डागावर अंथरायचं आणि अर्धा तास ओलं ठेवायचं, वाळायला लागलं की वरून परत शिंपडायचं. नुसतं स्प्रे मारून पुसलं तर काही होत नाही, औषधाला वेळ लागतो आणि आपल्याकडच्या उन्हात दोन मिनिटांत वाळतं म्हणून लोकांना वाटतं व्हिनेगरने फरक पडत नाही. लिंबाचंही तेच, आम्ल आहे म्हणून थोडं काम करतं, पण लिंबात साखर आणि गर असतो, नीट धुतलं नाही तर उलट खायला घातल्यासारखं होतं. व्हिनेगरने वास जातो आणि हलके डाग बऱ्यापैकी जातात. मग भरपूर पाण्याने धुवा.

जे उरले त्यांच्यासाठी माझी पसंती ऑक्सिजनवाल्या पावडरीला. व्हॅनिशसारखी कपड्यांचे डाग काढायची जी पावडर येते तिच्यात सोडियम परकार्बोनेट असतं, ते पाण्यात विरघळलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि तेच रंग मोडतं. एक लिटर चांगल्या गरम पाण्यात, म्हणजे हात घालवेल एवढ्या गरम, दोन मोठे चमचे, आणि परत तीच कापड भिजवून अंथरायची पद्धत, वीस मिनिटं ते अर्धा तास, मग मऊ ब्रशने हलकं घासून धुणं. पाणी गार असेल तर ही पावडर नीट काम करत नाही, आणि आदल्या दिवशी करून ठेवलेलं पाणीही उपयोगाचं नाही, ताजं करायचं. एकदा केल्याने डाग निम्मा होतो, दुसऱ्या दिवशी परत करा, अजून उतरतो. घाई असलेल्या माणसाला हे पटत नाही पण जोर लावून एका दिवसात जे काढायला जाल ते बोटीच्या अंगावरून काढाल.

अगदी हट्टी ठिपक्यांना मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, वीस व्हॉल्यूमचं, म्हणजे साधारण ६ टक्के. कापसाचा बोळा भिजवून ठिपक्यावर ठेवायचा, वरून प्लास्टिकचा तुकडा झाकायचा म्हणजे वाळत नाही, अर्धा-पाऊण तास. ग्लोव्ह्ज घालाच, हाताला लागलं की कातडी पांढरी पडून चुरचुरते. आणि व्हिनेगर पूर्ण धुतल्याशिवाय पेरॉक्साइड लावू नका, दोन्ही एका बादलीत तर कधीच एकत्र करू नका, त्यातून झोंबणारं आम्ल तयार होतं. रंगीत पट्टी, बोटीचं नाव किंवा मंडळाचं नाव रंगवलेलं असेल तर आधी कोपऱ्यात लावून बघा.

आता ब्लीच. मी सरसकट नाही म्हणत नाही, कारण बुरशीवर ते चालतं हे खरं आहे. पण मी ते शेवटी ठेवतो आणि वारंवार तर अजिबात नाही. एक भाग ब्लीच, दहा ते पंधरा भाग पाणी, फक्त पीव्हीसीच्या मोकळ्या भागावर, पाच ते दहा मिनिटं, मग खूप पाणी. जोडाच्या पट्ट्या, ग्लू दिसतो त्या जागा, दोऱ्या, पट्टे, फळी, व्हॉल्व्ह यांच्यापासून लांब. नायलॉनची दोरी आणि पट्टे ब्लीचने आतून कमकुवत होतात, दिसायला स्वच्छ पांढरे दिसतात आणि जोर आला की तुटतात, आणि तुमच्या बोटीवर ती दोरी पाण्यातला माणूस धरणार आहे. वर्षानुवर्षं दर वेळी ब्लीच मारलेली बोट कडक पडते, घडीच्या जागी रेघा पडतात.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, मंडळातल्या प्रत्येकाला सांगा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, हार्पिक किंवा कुठलंही टॉयलेट क्लीनर मिसळायचं नाही, एकामागून एक लावतानाही मध्ये भरपूर धुवायचं. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन गॅस सुटतो, बंद खोलीत तो माणसाला हॉस्पिटलमध्ये पाठवतो. अमोनियावाल्या क्लीनरबरोबरही तसाच विषारी वायू होतो. चार पोरं उत्साहाने चार बाटल्या घेऊन येतात आणि सगळं एका बादलीत ओततात, हे गावोगाव होतं म्हणून एवढं जोर देऊन लिहितोय. नुसतं हार्पिकसुद्धा बोटीला नको, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं.

तो पांढरा मॅजिक स्पंज मिळतो त्याबद्दल बरेच जण विचारतात. तो म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. दोन-चार ठिपक्यांवर हलक्या हाताने फिरवला तर हरकत नाही, पण अख्खी बोट त्याने घासली की वरची चकाकी जाते आणि मग पुढच्या पावसात मळ दुप्पट वेगाने धरतो. टूथपेस्टचंही तेच.

म्हणजे क्रम असा झाला: टणक हवा, साधं पाणी, लिक्विड साबण, व्हिनेगर, धुणं, ऑक्सिजन पावडर दोन वेळा, मग ठिपक्यांना पेरॉक्साइड, आणि एवढं करून मोठा पट्टा उरला तरच एकदा पातळ ब्लीच. त्यानंतरही जी फिकी काळी सावली दिसेल ती मुरलेली आहे, तिला सोडून द्या. तिने बोटीची हवा जात नाही, बोट बुडत नाही. वास गेला असेल, हाताचं बोट फिरवल्यावर त्याला काळं लागत नसेल, आणि चार दिवसांनी ठिपके वाढलेले नसतील तर बुरशी मेली. मंडळाच्या लोकांना दिसायला बरं वाटत नाही म्हणून अजून घासणं हा बोटीवर अन्याय आहे.

धुण्यापेक्षा वाळवणं जास्त नेटाने करा. वरून कोरडी दिसणारी बोट त्या खाचेत ओली असते. मी जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या लांब पट्ट्या पिळून त्या खाचेत सगळीकडे खोचून ठेवतो, कापड पाणी ओढून घेतं, तासाभराने काढायच्या, कोरड्या घालायच्या. मग बोट उलटी करून, एक बाजू विटांवर थोडी उचलून, सावलीत वाऱ्यावर ठेवायची, वारा नसेल तर पंखा लावायचा. कडक उन्हात टणक भरलेली बोट ठेवू नका, आतली हवा तापून फुगते आणि जोडावर ताण येतो, उन्हात ठेवायचीच असेल तर थोडी हवा सोडून ठेवा. ट्यूबच्या आत पाणी गेलं असेल तर बोट हलवल्यावर डुबुक डुबुक आवाज येतो, किंवा हवा सोडताना व्हॉल्व्हमधून कुबट वास येतो. तसं असेल तर आत औषध ओतू नका, सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवून ब्लोअरने बराच वेळ कोरडी हवा मारा, पाणी व्हॉल्व्हकडे उतरेल अशी बोट तिरकी करून.

आता तुमचा खरा प्रश्न, पुरात चालेल का. ट्यूबवरच्या डागावरून हे ठरत नाही, तीन जागांवरून ठरतं, आणि पहिली जागा मागची फळी, ट्रान्सम. ती बहुतेक बोटींत प्लायची असते, वर रंग किंवा रेझिनचा थर असतो. स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं आणि प्लाय आतून कुजते, बाहेर फक्त कडेला काळपट रेघ दिसते. ही काळी रेघ मला ट्यूबवरच्या शंभर ठिपक्यांपेक्षा जास्त काळजीची वाटते. स्क्रूड्रायव्हरचं टोक घ्या आणि इंजिनच्या स्क्रूजवळ, खालच्या कडेला, ट्यूबच्या जोडाजवळ दाबून बघा. टणक लागलं तर ठीक. मऊ लागलं, टोक आत गेलं, किंवा मुठीने ठोकल्यावर एका जागी पोकळ आवाज आला तर त्या फळीवर इंजिन लावायचं नाही, म्हणजे नाहीच, वाहत्या पाण्यात इंजिन फळीसकट सुटलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. फळी बदलता येते, खर्च आहे, पण येते.

दुसरी जागा जोड. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा, पेट्रोल लागलं तिथे दोनदा बघा. आणि चिकटपणा बघा, ट्यूबची कुठलीही जागा धुऊन वाळल्यावरही हाताला चिकचिकीत लागत असेल तर ते मटेरिअलच खराब व्हायला लागलंय, ते कुठल्याही क्लीनरने ठीक होत नाही. कापडाचे धागे दिसायला लागले असतील तरी तसंच.

तिसरी गोष्ट हवा धरते का. प्रेशर किती ते बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पीव्हीसीच्या इंजिनवाल्या बोटींना ट्यूबसाठी साधारण ३ पीएसआयच्या (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास असतं, हवेचा कडक फ्लोअर असेल तर त्याला बरंच जास्त, पण तुमच्या पट्टीवरचाच आकडा खरा. सगळे कप्पे भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेजने मोजा. त्याच वेळेला हे महत्त्वाचं, कारण दुपारी भरलेली बोट पहाटे ढिली लागणारच, हवा थंड झाली की दाब उतरतो, त्याला लीक म्हणत नाहीत. त्यानंतर अजून एक टेस्ट करा जी बहुतेक लोक करत नाहीत. एकच कप्पा भरा आणि शेजारचा रिकामा ठेवा. दुसऱ्या दिवशी शेजारचा आपोआप फुगायला लागला असेल तर मधला पडदा आतून गळतोय. बाहेरून काही दिसत नाही, दोन्ही कप्पे भरलेले असताना कळतही नाही, आणि पुरात पत्र्याच्या कडेने एक कप्पा फाटला की दुसराही त्याच्याबरोबर बसतो. कप्पे वेगळे ठेवण्याचा सगळा अर्थच जातो.

त्याच खोलीत लाईफ जॅकेटं होती का? असतीलच. तीही काढा, साध्या साबणाने धुवा, ब्लीच नको, सावलीत टांगून पूर्ण वाळवा. पट्टे दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा, बकल लावून झटका द्या, शिलाईत बुरशी शिरलेली असेल तर ते जॅकेट बाजूला काढा. मग एक एक जॅकेट मोठ्या माणसाला घालून कमरेच्या वर पाण्यात, काठाजवळ, दोरी बांधून तपासा. ज्याने उचलून धरलं नाही ते फेकून द्या, मुलांना खेळायला सुद्धा देऊ नका.

आता ठेवायचं कसं, कारण हे नीट केलं नाही तर पुढच्या वर्षी परत हाच प्रश्न विचाराल. तुमची अडचण आमच्यापेक्षा वेगळी आहे हे मान्य. राफ्टिंगवाल्यांची बोट रोज वापरात असते म्हणून टिकते. तुमची वर्षभर पडून असते आणि जेव्हा लागते ते नेमके बुरशीचे महिने, जुलै-ऑगस्ट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं, २०२१ ला परत ५० च्या वर. धरणांतून विसर्ग वाढला की गावाच्या हातात फार वेळ नसतो, त्या वेळी घडी उलगडून पंप शोधत बसलात तर बोट असून नसल्यासारखी. म्हणून माझं स्पष्ट मत असं की जून ते सप्टेंबर ही बोट घडी करायचीच नाही. हवा भरून, थोडी कमी दाबाने, छप्पर असलेल्या पण चारी बाजूंनी वारा खेळेल अशा जागी, लाकडी फळ्यांवर किंवा बांबूच्या तराफ्यावर जमिनीपासून वर ठेवा. शाळेचा व्हरांडा, मंदिराचा मंडप, कुणाची मोकळी गाडीशेड, काहीही. आठवड्यातून एकदा एकाने कोरड्या कापडाने पुसायची, खाचेत हात घालायचा आणि दाब बघायचा, तेवढंच काम. बुरशी हवेशीर आणि पुसलेल्या पृष्ठभागावर सहसा जम धरत नाही, आणि बोट तयारही राहते. कोण पुसणार ते नाव लिहून भिंतीवर लावा, नाहीतर सगळ्यांची बोट म्हणजे कुणाचीच नाही असं होतं.

पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत धुऊन, दोन-तीन दिवस वाळवून मगच घडी. घडी सैल, दर वेळी वेगळ्या रेघेवर, मध्ये जुनी सुती चादर. टाल्कम पावडर थोडी भुरभुरली तर चालेल, पण तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर नको, ते बुरशीचं आवडतं खाणं. बाहेरून प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, तुमच्याकडे जे झालं ते त्यामुळेच झालं, आत जी थोडी ओल होती ती बाहेर पडायला वाटच नव्हती. सुती कापडात बांधा. पत्र्याच्या छताला लागून माळ्यावर नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. आणि उंदीर. धान्याच्या पोत्यांजवळ घडी केलेली बोट ठेवली की उंदीर घडीत घर करतात आणि एकाच ठिकाणी कुरतडलं तरी घडी असल्यामुळे उलगडल्यावर पाच-सहा भोकं निघतात. दोन महिन्यांनी एकदा उघडून बघाच.

पुरात वापरून आणलेली बोट मात्र त्याच दिवशी धुवायची, कितीही दमलेले असा. त्या पाण्यात सांडपाणी, मेलेली जनावरं, शेतातली औषधं, डिझेल, सगळं असतं. धुताना गमबूट आणि ग्लोव्ह्ज घाला, पायाला जखम असेल तर लांब राहा, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा धोका खरा आहे.

तुमच्याकडे आता मे महिना हातात आहे, तर आधी फळी आणि जोड तपासा, डागाचं नंतर बघू. कारण जोड सुटलेला निघाला तर ग्लू लावायला कोरडी हवा लागते, पाऊस सुरू झाला की हवेतली ओल ग्लूच्या थरात अडकते आणि पॅच वरून चिकटलेला दिसतो पण ओढला की सोलून येतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन यावर टिकत नाही. पीव्हीसीला दोन भागांचा, हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन ग्लू लागतो, हायपालॉनला वेगळा, आणि लावल्यावर घाईने हवा न भरता काही दिवस पूर्ण पक्का होऊ द्यावा लागतो. व्हॉल्व्हमधून आतला, ट्रान्समच्या खालच्या कडेचा आणि जोड उचललेला असेल तर त्याचा, असे जवळून काढलेले फोटो टाका, मटेरिअल बघून पॅच घरी होईल की कारागिराकडे न्यावी लागेल ते सांगतो.